फॉसिल: वर्षभराच्या वापरानंतर

आमची टीम चौघांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो: काट्यावरून वजन, मिल्क अ‍ॅनालायझरवरून फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक), दरपत्रकाप्रमाणे रक्कम आणि दर दहा दिवसांनी सभासदांचं बिल. आधी कामाच्या नोंदी एका नावाजलेल्या, मोठ्या ऑनलाइन टूलवर व्हायच्या. साधा बग टाकायचा तरी एपिक कुठला, स्प्रिंट कुठला, स्टोरी पॉइंट किती, सगळं भरा. साहजिकच निम्मे बग व्हॉट्सअ‍ॅपवर राहायचे. गेल्या वर्षी सगळं फॉसिलवर, म्हणजे कोड आणि कामाच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या प्रोग्रामवर आणलं आणि आता ते सोडायची आमची कुणाचीच तयारी नाही.

एसक्यूलाइट डेटाबेस करणारे डी. रिचर्ड हिप यांचंच हे काम. 2009 पासून एसक्यूलाइटचा कोडही फॉसिलमध्येच आहे. एकच प्रोग्राम उतरवून घ्यायचा, इन्स्टॉलर वगैरे काही नाही. त्यातच व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), तिकिटं (बग आणि कामांच्या नोंदी), विकी, फोरम आणि वेब सर्व्हर. अख्खी रिपॉझिटरी (कोड, इतिहास, तिकिटं असा सगळा साठा) म्हणजे एक एसक्यूलाइट फाइल.

पण आम्हाला खरा फायदा झाला तो गावात. राधानगरीच्या वरच्या अंगाला रेंजचा भरवसा नाही. सकाळच्या संकलनाला मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेव्हा संस्थेचे सचिव म्हणाले, "सायेब, म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागाय लागलाय." रांग चालूच होती. दोन सभासदांच्या पावत्या बघितल्यावर कळलं, की आधीच्या सभासदाचा दुधाचा प्रकार पुढच्याला तसाच चिकटतोय. तिथंच 'फॉसिल यूआय' चालवलं, लॅपटॉपवरच ब्राउझर उघडला, तिकीट टाकलं, जुन्या तिकिटांत असंच काही होतं का तेही शोधलं. नेट शून्य. दुरुस्ती करून कमिट केलं (बदल नोंदवला), तेव्हा सर्व्हर सापडत नाही, तरी पुढे जायचं का, एवढं फॉसिलनं विचारलं. 'वाय' दाबलं आणि काम झालं. ऑफिसात आल्यावर 'फॉसिल सिंक' केलं, की कोड आणि तिकीट दोन्ही बाकीच्यांकडे. गिट या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलमध्ये कोड असा सोबत नेता येतो, पण तिकिटं सहसा कुठल्यातरी वेबसाइटवर असतात. इथं ती खिशात असतात, आणि फिरतीवर असणाऱ्या माणसाला याची किंमत फार आहे.

रिपोर्टचंही तसंच. सगळं डेटाबेसात असल्यामुळे 'फॉसिल एसक्यूएल' उघडून तिकिटांच्या टेबलावर सरळ क्वेरी मारता येते. कुठल्या संस्थेची किती तिकिटं उघडी आहेत, हे बघायला आधी डॅशबोर्ड बांधत बसावं लागायचं.

त्रासही सांगतो. तिकिटाचा फॉर्म बदलायचा तर टीएच1 नावाच्या छोट्या स्क्रिप्ट भाषेत हात घालावा लागतो. सेव्हॅरिटी, रिझोल्यूशन असले रकाने काढून संस्थेचं नाव घालायला मला बराच वेळ गेला. कमिटच्या संदेशात चौकटी कंसात तिकिटाचा क्रमांक लिहिला की लिंक होते, पण तिकीट आपोआप बंद होत नाही, ते हातानं करावं लागतं. ईमेल सूचनांची जुळणी किचकट आहे. आम्ही ती केलीच नाही. टाइमलाइनचं पान सकाळी उघडतो, तेवढं चौघांना पुरतं. तिकिटाला फोटो जोडता येतो, पण तो रिपॉझिटरीत कायमचा बसतो. काढायचा तर 'शन' (त्या फाइलवर बंदी) करावं लागतं, तेही प्रत्येक प्रतीत वेगळं. म्हणून पावतीचे फोटो लहान करूनच टाकायचे, असा नियम केलाय.

इतिहास पुसता येत नाही, हे काहींना खटकेल. रीबेस (जुने कमिट नव्यानं रचणं) मुद्दामच ठेवलेलं नाही. आमच्यासारख्या पैशाच्या हिशेबाच्या कामात मला हे उलट हवंच आहे: दराची गणिती चूक कधी शिरली आणि कुणी काढली, हे सभासदानं विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून घ्या, अशी विनंती), आपोआप चालणाऱ्या टेस्ट, बाहेरच्या अनोळखी लोकांचं योगदान, यावर तुमचं काम चालत असेल तर फॉसिल घेऊ नका. नुसती गिटची प्रत बाहेर ठेवायची असेल, तर 'फॉसिल गिट एक्सपोर्ट' आहे. आमच्या एका ग्राहकाला कोड गिटमध्येच लागतो, त्याला तसाच देतो.