पेसमेकरच्या 'अँटिबायोटिक जाळी'च्या नावाखाली ७९,५०० ची टोपी

एकूण गेले ७९,५००. जीपेने ४०,०००, रोख २८,५००, आणि नंतर वरून ११,०००. आकडा आधीच लिहून टाकतो कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि दुसरा म्हणजे "अहो, तुम्ही तर बँकेत होता ना?" होतो. ओटीपी कुणाला देऊ नका हे काउंटरवर बसून लोकांना सांगण्यात माझी हयात गेली. पण बाप ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात स्ट्रेचरवर असताना समोरचा माणूस अँटिबायोटिकबद्दल बोलतोय म्हटल्यावर ओटीपीवालं डोकं चालत नाही, ज्याचं चालत असेल त्याला माझा नमस्कार.

बाबांना २०१४ ला पेसमेकर बसवला, कम्प्लीट हार्ट ब्लॉक होता, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातला विजेचा इशारा खाली पोचतच नव्हता. २०२४ च्या पावसाळ्यात चेकिंगमध्ये कळलं की बॅटरी संपत आलीये. हृदयात गेलेल्या वायरी जुन्याच ठेवायच्या, फक्त बॅटरीची डबी नवीन. आम्हाला वाटलं किरकोळ काम आहे. तसं ते नसतं. डबी ठेवायला कातडीखाली केलेला जुना खिसा पुन्हा उघडतात त्यामुळे बॅटरी बदलताना इन्फेक्शनचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, त्यात बाबांना शुगर, किडनी जरा कमजोर आणि रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणजे धोक्याच्या यादीत जे जे असतं ते सगळं आमच्याकडे हजर. आणि ही यादी मला डॉक्टरांच्या आधी त्या माणसाने सांगितली. त्याचं बोलणं जवळपास सगळं खरं होतं हो, म्हणून तर अडकलो.

गळ्यात पट्टा, शर्टावर लोगो, हातात बॅग. "काका, मी कंपनीचा." आता ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांना माहितीये की कंपनीचा माणूस खरंच येतो, लॅपटॉपसारखं मशीन घेऊन, ओटीत उभा राहतो, सेटिंग करतो. त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. वॉर्डातले मामा त्याला ओळखत होते, सिस्टर त्याला चहा विचारत होती. मी कुणाला विचारायला जायचं होतं मग?

तो म्हणाला, डबी एका बारीक जाळीच्या पिशवीत घालून बसवतात, जाळीला दोन अँटिबायोटिकं लावलेली असतात, मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, आठवडाभर तिथल्या तिथे औषध सुटत राहतं आणि जाळी नंतर शरीरात आपोआप विरघळते. किंमत ६८,५००. "मेडिक्लेमवाले कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू, म्हणून कापतात, म्हणून हॉस्पिटलच्या बिलात नको, बाहेरून घ्या, स्वस्त पडेल." हेही पटलं, कारण मागच्या वेळी हातमोज्यांपासून ईसीजीच्या टिकल्यांपर्यंत सगळं टीपीएने, म्हणजे मेडिक्लेमचे क्लेम बघणाऱ्या कंपनीने, कापलं होतं. अशी जाळी खरोखर मिळते, ते थोतांड नाही. २०१९ मध्ये जवळपास ७,००० पेशंटवरचा मोठा अभ्यास आला, त्यात वर्षभरात मोठं इन्फेक्शन झालं ते जाळी नसलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना आणि जाळीवाल्यांपैकी ०.७ टक्के लोकांना. म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही. आमचा हिरो म्हणाला, "एकदा टाकली की लाइफटाइम टेन्शन नाही." इन्फेक्शनची लाइफटाइम गॅरंटी कुणी दिली की तिथूनच उठायचं.

पण मी ज्या क्षणावर रोज रात्री दात खातो तो वेगळाच. त्याने बॅगेतून खोकं काढलं, सीलबंद, मला लांबूनच दाखवलं. मी सवयीप्रमाणे मोबाइल काढला, म्हटलं एमआरपी आणि लॉट नंबरचा फोटो घेतो. तर तो खोकं पाठीमागे नेत म्हणाला, "काका, हात नका लावू, स्टराइल आहे." आणि मी हात मागे घेतला! वर सॉरी म्हणालो!! अहो, सीलबंद खोक्याला बाहेरून हात लावून आतली वस्तू कशी बाटेल? स्टराइल असतं ते आतलं पाकीट, खोकं गोडाउनमधून, कुरिअरमधून, त्याच्या बाइकच्या डिकीतून आलेलं असतं. शाळेतल्या पोराला कळेल. आणि फोटो काढायला हात तरी कुठे लावावा लागतो? पण 'स्टराइल' म्हटलं की आपली बोलती बंद होते, लहानपणापासून तसंच शिकवलंय हॉस्पिटलवाल्यांनी. त्यात मागून सिस्टर ओरडत होती, पेशंट आत घेतोय, सही करा. जीपे केलं तर नाव एका बाईचं आलं, "मिसेसचं अकाउंट आहे, लिमिटचा प्रॉब्लेम." बाकीचे पार्किंगमध्ये रोख. पावती म्हणजे वहीचा फाटका कागद, वर लिहिलंय 'एस्टिमेट'. पक्कं बिल उद्या देतो म्हणाला.

पक्कं बिल आलं नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत, मग भले ऑपरेशन तासभर लांबू दे.

पुढचं थोडक्यात. टाक्याखाली रक्त साकळून गोळा झाला, गावातल्या एका डॉक्टरने सिरिंजने ते ओढून काढलं. हे कुणालाही करू देऊ नका, बॅटरीच्या खिशात सुई घातली की बाहेरचे जंतू आत जायची वाट मोकळी होते. दिवाळीनंतर बॅटरीवरची कातडी लाल, मग पातळ आणि चकचकीत, आणि एके दिवशी बनियनला डाग. ताप नव्हता. ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही असं धरून बसू नका. अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या की डाग थांबायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा.

मी त्या माणसाला फोन केला. (बायको म्हणते कशाला केलास. अरे, त्याचीच वस्तू होती ना आत!) तर साहेब उलट खूश. "काका, घाबरू नका, बॅटरी काढायची गरज नाही, खिसा धुवून तीच परत बसवायची, वर इंजेक्शनचं पॅकेज २२,०००, अर्धे आत्ता टाका." टाकले ११,०००. त्यानंतर फोन स्विच ऑफ.

मग मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करून आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेतलं, कल्चरला, म्हणजे रक्तात कुठले जंतू वाढतात ते बघायला. अँटिबायोटिक चालू असताना कल्चर केलं तर जंतू सापडतीलच असं नाही, म्हणून कल्चर आधी, औषध नंतर. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, धुवून बिवून काही होत नाही, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो तसा हे जंतू डबीवर आणि वायरीवर थर धरून बसतात, औषध आत पोचत नाही. डबी आणि वायरी, सगळं काढायचं, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग नवीन पेसमेकर दुसऱ्या बाजूला. दहा वर्षांची वायर शिरेला आणि हृदयाला आतून चिकटलेली, ती काढताना गरज पडली तर छाती उघडायची तयारी ठेवून सर्जन शेजारी उभे. बाबांचं हृदय मशीनशिवाय चालत नाही म्हणून मधल्या काळात तात्पुरती वायर. खर्च ५,१२,३४०. मेडिक्लेमने दिले ३,००,०००.

तिथेच डॉक्टरांनी सहज विचारलं, एन्व्हलप (म्हणजे तीच जाळी) टाकलं होतं का? मी म्हटलं हो हो, टाकलं होतं. "स्टिकर?" फाइल उघडली. डिस्चार्ज पेपरमागे एकच स्टिकर, डबीचं. शरीरात जे काही घालतात त्या प्रत्येकाचं स्टिकर ओटीत फाइलला चिकटवतात, जाळीचंही असतं. आमच्या फाइलमध्ये नव्हतं. ओटी नोटमध्येही जाळीचा एक शब्द नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना फोन लावला तर म्हणतात मी असलं काही मागवलंच नव्हतं, हॉस्पिटल म्हणतं तो माणूस आमचा नाही, आणि ज्या कंपनीचा लोगो होता ती म्हणते आमचाही नाही. मग ओटीत काय वारा गेला होता? आणि यातली खरी हरामखोरी बघा, जाळी साधारण नऊ आठवड्यांत विरघळते, म्हणजे त्यानंतर शरीर उघडून बघितलं तरी ती होती की नव्हती ते कळणार नाही. माल गायब होणं हाच मालाचा गुण! असा धंदा सोन्याच्या दुकानात तरी करता येईल का?

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. चारशेवीस म्हटलं तर हवालदाराने ते आता नव्या कायद्यात ३१८ झालंय एवढी माहिती मात्र आवर्जून दिली, लिहून काही घेतलं नाही. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी चोरला असता तर बघितलं असतं. औषधांच्या सरकारी ऑफिसात म्हणाले, लॉट नंबर द्या. लॉट नंबर खोक्यावर असतो, खोकं त्याने नेलं. "मग वस्तूच नाही तर तपासणी कशाची करायची?" डॉक्टरांची तक्रार घेणाऱ्यांकडे गेलो तर तो डॉक्टर नाही म्हणून त्यांच्याकडे बसत नाही. ग्राहकवाले, पक्कं बिल जोडा. हॉस्पिटलकडे सीसीटीव्ही मागितलं तर महिन्याभराने पुसलं जातं. आणि एका साहेबांनी तर कहर केला, मीच दाखवलेले ते १.२ आणि ०.७ वाचून म्हणाले, जाळी असती तरी इन्फेक्शन झालं असतं कदाचित, मग तुमचं नुकसान नेमकं काय? साहेब, मी किराणा दुकानात पाच किलो तांदळाचे पैसे दिले आणि रिकामी पिशवी मिळाली, तर मला नंतर भूक लागली असती की नाही याच्याशी तुम्हाला काय करायचंय!

ज्यांच्या घरी बॅटरी बदलायची आहे त्यांनी, चिरायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणार ना हे विचारा, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच आणि त्याला असले पैसे पडत नाहीत. पेशंटला ताप असेल तर तारीख पुढे ढकला. जाळी हवी की नको हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका, हॉस्पिटलच्याच बिलात येऊ द्या, मेडिक्लेम कापेल तर कापेल. खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो, एमआरपीसकट. डिस्चार्ज घ्यायच्या आधी स्टिकर मोजा. बॅटरीवरची कातडी जरा जरी फाटली, आतलं काही दिसलं, तर ते इन्फेक्शनच समजून मोठ्या ठिकाणी जा, मलम लावत बसू नका. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा, आम्हाला कळेपर्यंत ते अकाउंट रिकामं झालं होतं.

बाबा ठीक आहेत. नवीन डबी उजव्या बाजूला आहे, जाळीशिवाय, आणि ते मलाच रोज विचारतात पैशाचं काय झालं. अर्जाची पोच आहे माझ्याकडे, नंबर पेनाने लिहिलेला. तुमच्याकडेही असा कुणी पट्टेवाला जाळी घेऊन आला असेल आणि फाइलमध्ये स्टिकर नसेल तर मेसेज करा. दुसरी तक्रार आली तर एफआयआरचं बघू असं म्हणालेत.