माझदा एमएक्स-५ ला ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील: एक हिवाळा काढल्यानंतरचं मत

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळायला लागलं, क्लच घसरायला लागला, म्हणून हा सगळा उद्योग झाला. नुसत्या हौसेपायी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मी दिली नसती. इंग्लंडात सुटे भाग एक वेळ परवडतात, माणसाचे तास परवडत नाहीत. गिअरबॉक्स खाली येणारच होता, सील आणि क्लचचा पूर्ण सेट नवा पडणारच होता. मग त्याच मजुरीत मूळचं आठेक किलोचं फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसणारं आणि इंजिनची गती धरून ठेवणारं जड चाक, काढून चार किलोच्या आसपासचं ॲल्युमिनियमचं बसवून घेतलं. गाडी १९९५ ची, १.८ लिटर, पाच गिअरची. रोज ऑफिसला हीच आणि जमेल तेव्हा कासल कूमच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) हीच. घरातली दुसरी गाडी बायकोची. ती ट्रॅकवर न्यायचा विषय काढायचीसुद्धा सोय नाही.

आधी पॉवरचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. पॉवर शून्याने वाढते. इंजिनला स्वतःचं चाक फिरवायला कमी कष्ट पडतात, एवढंच. पण तो फायदा गिअरवर अवलंबून असतो, आणि गिअर रेशोचा वर्ग होतो. माझ्या गाडीला फायनल ड्राइव्ह, म्हणजे डिफरन्शियलमधला रेशो, ४.१ चा आहे. पहिला गिअर ३.१३६, चौथा १.०. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ ८० किलो वजन उतरवल्यासारखा परिणाम येतो, दुसऱ्यात २८, तिसऱ्यात १४ आणि चौथ्यात जेमतेम ८. म्हणजे सिग्नलवरून सुटताना गाडी चपळ वाटते आणि ट्रॅकवर, जिथे पहिला गिअर फक्त पिटमधून निघताना लागतो, तिथे हाती फारसं काही पडत नाही. कासल कूमचा १.८५ मैलांचा लॅप बहुतेक तिसऱ्या-चौथ्यातच जातो. माझ्या लॅप टाइममध्ये जो फरक आहे तो टायरच्या हवेनेही पडतो. वेळेसाठी पैसे घालायचे असतील तर ब्रेक पॅड घ्या.

तरीही ट्रॅकवर मी खूश आहे, आणि त्याचं कारण क्वॉरी नावाचं वळण. ॲव्हन राइजचा उंचवटा ओलांडला की गाडी हलकी होते, नेमका तिथेच ब्रेक मारायचा असतो आणि चौथ्यातून तिसऱ्यात यायचं असतं. जुन्या फ्लायव्हीलवर हील अँड टो करताना, म्हणजे पंजा ब्रेकवर ठेवून टाचेने ॲक्सिलरेटर दाबताना, ॲक्सिलरेटरला चांगला दणका द्यावा लागायचा, आणि ब्रेकवरचा पंजा तेवढ्यात हलायचा. आता नुसती टाच टेकवली की आरपीएमचा काटा वर. क्लच सोडताना मागच्या चाकांना हिसका बसत नाही, गाडी सरळ राहते. ही एक गोष्ट लॅपमागून लॅप इतकी गोड लागते की बाकीचं सोसायची तयारी होते. मात्र काटा जितक्या पटकन चढतो तितक्याच पटकन पडतो. वरचा गिअर रमतगमत टाकणाऱ्याला प्रत्येक वेळी ठेच लागणार.

आता मुख्य तक्रार. या पिढीच्या गाडीला वर येणारे हेडलाइट आहेत. संध्याकाळी सिग्नलला उभं असताना बटण दाबलं की दोन्ही मोटरी एकदम करंट ओढतात, अल्टरनेटरचा भार इंजिनवर येतो आणि आयडलला (पाय न देता) ८५० वर असणारा काटा सहाशेच्या खाली जाऊन थरथरतो. पूर्वी हा धक्का जड चाक गिळायचं. आता दिवे डोळे उघडतात आणि इंजिन मान टाकतं. त्यात मागच्या काचेचा हीटर, पंखा, पायाखाली ब्रेक लाइट. इंग्लंडातला नोव्हेंबर म्हणजे हे सगळं दुपारी चारपासूनच चालू. दिवे लावायचे तर आधी ॲक्सिलरेटरवर पाय, अशी सवयच लागली. असली सवय मला ट्रॅकच्या गाडीत चालेल, ऑफिसच्या गाडीत चालत नाही.

त्याहून वाईट म्हणजे चालत्या गाडीत बंद पडणं. गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढून येत असलो की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं, आरपीएम खाली येतात, ईसीयू पेट्रोल पुन्हा सुरू करतो आणि आयडल व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर इंजिनला हवा देणारी झडप) उघडून त्यांना सावरतो. हे सगळं वेळापत्रक मूळच्या वजनाला धरून बांधलेलं आहे. हलक्या चाकाने आरपीएम इतक्या वेगाने कोसळतात की व्हॉल्व्ह जागा होईपर्यंत इंजिन गेलेलं असतं. स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउटवर, जिथे एका वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं आहेत आणि १९७२ पासून लोक तिथे देवाचं नाव घेत शिरतायत, तिथे मधोमध माझी गाडी बंद. मागे बस. शेजारी बसलेल्या बायकोने शांतपणे विचारलं, "लायसन्स इकडचंच आहे ना रे तुझं?"

त्या रात्री ऑनलाइन विकायला टाकायची जाहिरातसुद्धा लिहून काढली होती. पण आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारा भाग, उतरवली. आयडल व्हॉल्व्हमध्ये काळा चिकट थर होता. तो हलत होता, पण आळसावून. क्लीनर मारून साफ केला. मग बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, इंजिन गरम असताना थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू फिरवून आयडल ९५० ला नेला आणि वायर काढली. खर्च: क्लीनरचा एक डबा. चालत्या गाडीतलं बंद पडणं त्या दिवसापासून थांबलं. म्हणजे हिवाळाभर ज्याला शिव्या दिल्या, त्या फ्लायव्हीलचा गुन्हा अर्धाच होता. जड चाकाने इतकी वर्षं घाणेरडा व्हॉल्व्ह पाठीशी घातला होता. हेडलाइटला मात्र काटा अजूनही दचकतो. बंद पडत नाही, पण दचकतो, आणि मला अजूनही ते खुपतं.

गॅरेजचं प्रकरण वेगळंच. गाडी ताब्यात घेतल्यावर ताशी साठ मैलांच्या पुढे बुडाखाली घरघर यायची. त्यांचं उत्तर तयार: "ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील आहे, हे असंच असतं." मी म्हटलं, फ्लायव्हीलचा बॅलन्स बिघडला असेल तर घरघर आरपीएमबरोबर यायला हवी, उभ्या गाडीत न्यूट्रलमध्येही. ही तर तिसऱ्यात असो, चौथ्यात असो की पाचव्यात, त्याच वेगाला येते. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागे. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची फ्रेम असते, पीपीएफ. गिअरबॉक्स उतरवताना ती काढावीच लागते आणि परत बसवताना मॅन्युअलमधल्या उंचीच्या मापाने लावावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन चुकतो. त्यांनी ती जॅकवर उचलून नुसते बोल्ट आवळले होते. पुन्हा रॅम्पवर घ्यायचे एक तासाचे पैसे मागितले. मॅन्युअलचं पान काउंटरवर ठेवलं, आवाज न चढवता तिथेच उभा राहिलो. शेवटी फुकट करून दिलं, व्हॅटसकट फुकट. घरघर गेली.

न्यूट्रलला आयडलवर गिअरबॉक्समधून हलकी खडखड येते. क्लच दाबला की थांबते. ते क्लचचं रिलीज बेअरिंग नव्हे, इनपुट शाफ्टवरचे गिअर वाजतात. कान देऊ नका.

ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेणार असाल तर ॲल्युमिनियमच घ्या, घासणारी स्टीलची तबकडी त्यात वेगळी बदलता येते. रोज ऑफिसला जाणाऱ्याने मधल्या वजनाचं स्टीलचं घ्यावं. मला तेव्हा ते थोडं महाग पडत होतं. आणि ज्यांच्या गाडीत मूळचं ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील आहे, म्हणजे बीएमडब्ल्यू, पोर्शवाले, त्यांनी माझ्या खडखडीवरून अंदाज बांधू नये. तिथे वजनाबरोबर आतल्या स्प्रिंगाही जातात, आणि आवाज भलताच होतो. पोर्शने २०१६ च्या ९११ आर ला हलकं सिंगल मास दिलं तेसुद्धा मागेल त्यालाच. आधी कुणाच्या तरी तशा गाडीत बसून कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जाऊन या, मग पाकीट काढा.