हाँगकाँगचं गोल्डफिश मार्केट आणि माझे गेलेले 57,050 रुपये

लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. घरात हा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जातो. पण मागच्या रविवारी कुर्ल्याला फिल्टरचा स्पंज घ्यायला गेलो होतो, तिथे एक मुलगा मित्राला सांगत होता की एक माणूस आहे, हाँगकाँगचे रांचू (गोल्डफिशची एक जात) डायरेक्ट घरपोच देतो, लायसनवाला आहे. माझ्या पोटात गोळाच आला. त्या मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

आधी एक सांगतो, मी या छंदात नवखा नाही. लहानपणी वडील आम्हाला चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, 1951 सालचं ते, तिथून जे वेड लागलं ते लागलंच. मुलुंडच्या घरात 22 वर्षं टँक आहे. ॲक्वेरियम प्लांटच्या बिया म्हणून जे विकतात ते साधं गवत असतं आणि पाण्याखाली महिन्यात सडतं, हे मी दहा जणांना सांगितलंय. ड्रेसिना पाण्यातलं झाड म्हणून खपवतात तेही मला माहितीये. सुईने रंग टोचलेले ग्लासफिश मी लांबून ओळखतो. त्यामुळे मला कोण फसवणार असं मला वाटायचं, आणि नेमकं तिथेच नडलं.

जूनमध्ये ऑफिसच्या ट्रेनिंगला हाँगकाँगला पाठवलं होतं. शनिवारी, 14 जूनला, मोकळा होतो. बाकीचे डिस्नेलँडला गेले, मी मेट्रोने प्रिन्स एडवर्ड स्टेशनला उतरून तुंग चोई स्ट्रीट गाठला. ह्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागात कपडे-पर्सचं लेडीज मार्केट भरतं, आणि उत्तरेकडे माशांची दुकानं. ज्याने पाहिलं नाही त्याला कसं सांगू, दुकानाच्या बाहेर जाळीवर आकड्यांना शेकडो पिशव्या लटकवलेल्या, ऑक्सिजन भरून टम्म फुगलेल्या, प्रत्येकीत मासा आणि प्लास्टिकवर मार्करने किंमत लिहिलेली. आत गेलं की टिश्यू कल्चरचे कप, म्हणजे कपात जेलमध्ये वाढवलेली टँकसाठीची झाडं, ब्युसेफॅलांड्रा, पांढऱ्या पानांची ॲन्युबियस पिंटो. मी दोन तास नुसता फिरत होतो.

एका दुकानाबाहेर एक रांचू दिसला. अंग लालभडक, डोकं पांढरं, आणि डाव्या डोळ्यावर मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. पिशवीवर 280 लिहिलेलं. मी मोबाईलमध्ये फोटो काढत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, मराठी का?"

परदेशात सहा दिवस मराठी कानावर नाही आणि अचानक कोणी दादा म्हणतं, तेव्हा माणूस विरघळतो, मी पण विरघळलो. पस्तिशीचा असेल, म्हणे मी असल्फ्याचा, घाटकोपर, आठ वर्षं इथे आहे, मुंबईला मासे पाठवायचं काम करतो. आणि पहिलंच वाक्य काय, तर "दादा, हे बॅगेत घालून नेऊ नका हं, एअरपोर्टला पकडतील." हे शंभर टक्के खरं आहे. जिवंत मासे आणायला आधी परमिट लागतं, तिकडचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं, इथे क्वारंटाइन होतं. झाडांना 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतो. मला हे ढोबळ माहीत होतं, म्हणून तो बोलला ते पटलं. पॅक करायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवतो, नाहीतर पिशवीत अमोनिया वाढतो, हेही तो बोलला, आणि तेही खरंच. मी मनात म्हटलं, माणूस जाणकार आहे.

त्याचं म्हणणं, दर महिन्याला त्याचं लायसनवालं कन्साइनमेंट मुंबईला येतं, त्यात माझे मासे टाकेल. मी 280 चा तो रांचू, 120 चे आणखी दोन मासे, आणि 80 चे झाडांचे सहा कप घेतले, म्हणजे 1,000 हाँगकाँग डॉलर, वर त्याचे हँडलिंगचे 500. कॅश दिली. मी डॉलर 11.20 ने घेतले होते, म्हणजे 16,800 रुपये. पैसे घेऊन तो दुकानात गेला, दोन मिनिटांनी बाहेर आला आणि स्वतःच्या खिशातल्या पावतीपुस्तकातून पावती फाडून दिली. दुकानाचं बिल नाही. गल्ल्यावरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या पण त्यांनी पिशव्या आकड्यावरून काढल्या नाहीत. तो म्हणाला संध्याकाळी एकदम उचलतो. रात्री फोनवर बायकोने पहिला प्रश्न विचारला, "अहो, दुकानाचं बिल कुठंय?" मी तिच्यावर खेकसलो.

दुकानदाराने स्वतः बिल दिलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत. मधल्या माणसाच्या हातात तर कधीच नाही, तो तुमच्या गावचा असला तरी.

घरी आलो. 17 तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, एअर फ्रेट 12,400, यूपीआय करा. केले. मी तोवर नव्या माशांसाठी 80 लिटरचा टब गॅलरीत लावून, जुन्या फिल्टरचा मीडिया टाकून सायकल करून, म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया वाढवून ठेवला होता, पोरगा रोज विचारायचा, बाबा, मासे कधी येणार.

आणि मग 20 तारीख. ही तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. शुक्रवारी रात्री फोटो आला, "दादा तुमचे मासे पॅक झाले." पिशवीत रांचू, तोंड कॅमेऱ्याकडे, लाल अंग, पांढरं डोकं, काळा ठिपका. पण ठिपका उजव्या डोळ्यावर. मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला तिथल्या तिथे दिसलं. मी बायकोलाही दाखवलं आणि मीच तिला समजावलं की सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल, त्यात डावं-उजवं उलटं होतं. त्याने काहीच सांगितलं नव्हतं हो, त्याच्या वतीने उत्तर मीच शोधून दिलं. आता रोज रात्री तो फोटो उघडून बघतो. पिशवीवर 280 लिहिलंय ना, ते सरळ वाचता येतंय. फोटो उलटा असता तर 8 आणि 0 चं सोडा, निदान 2 तरी उलटा दिसला असता! म्हणजे फोटो उलटा नव्हता, मासाच दुसरा होता, आणि आकडा मुद्दाम तसाच लिहिलेला होता. माझ्या स्वतःच्या मोबाईलमध्ये बाजारातला मूळ फोटो होता, दोन्ही शेजारी ठेवून बघायला अर्धा मिनिट लागलं असतं. मी नाही बघितलं. त्याच रात्री 9,850 क्वारंटाइन चार्ज म्हणून पाठवले.

24 ला एक पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, कस्टम्सचं नाव, शिक्का, 18,000 रिफंडेबल डिपॉझिट. मुंबईत पाऊस, कार्गो अडकलाय, आज भरलं नाही तर मासे मरतील. इथे लोक म्हणतील एवढंही कळलं नाही का. पण ज्याने मासे पाळलेत त्यालाच कळेल, पिशवीतला मासा तासातासाने मरत असतो, आणि तो मासा तुमचा असतो. मी भरले. यूपीआयच्या तीन पेमेंटला तीन वेगवेगळ्या माणसांची नावं आली होती, हे मी स्टेटमेंट काढल्यावर बघितलं. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा, हात जोडून सांगतो, वाचा.

27 पासून फोन बंद. 16,800 अधिक 12,400 अधिक 9,850 अधिक 18,000.

नंतर कळलं ते हे. कस्टम्सच्या पत्रावर नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन नावाचा नंबर असतो, तो त्यांच्या साईटवर टाकून पत्र खरं की खोटं दोन मिनिटांत कळतं. माझ्या पीडीएफवर तो नव्हताच. आणि सरकारी ड्युटी कधीही कुणाच्या खाजगी यूपीआयवर भरायची नसते.

आता तक्रारीचं ऐका. 28 ला 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार नंबर मिळाला. तुम्हीही पहिला फोन तिथेच करा आणि माझ्यासारखे चार दिवस थांबू नका, पैसे पहिल्या काही तासांतच अडवता येतात. पुढचं मात्र सगळं ढकलाढकलीचं. पोलीस स्टेशनला गेलो, 3 तास 40 मिनिटं बाकावर बसवलं. मग जो आला त्याने विचारलं, "कशाचे पैसे?" मी म्हटलं मासे. तो शेजारच्याला म्हणाला, "57 हजाराचे मासे!" आणि दोघं हसले. 22 वर्षं टॅक्स भरतोय मी. मोबाईल चोरीला गेला असता तर हसले असते का? दागिने असते तर? मग म्हणे कॅश हाँगकाँगमध्ये दिली ना, मग तक्रार तिकडे. मी म्हटलं बाकीचे 40,250 मी मुलुंडमध्ये बसून भारतातल्या खात्यात पाठवलेत. तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले आधी लोकल पोलीस स्टेशन. दोन्हीकडे मिळून पाच फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी हाफ डे. शेवटी एफआयआर नाहीच, नुसता अर्ज घेतला, शिक्का मारलेली कॉपी दिली. सोसायटीतले एक वकील काका म्हणाले, गुन्हा कुठेही घडला असो, माहिती घ्यावीच लागते, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173, आणि फसवणूक म्हणजे बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 318, पूर्वीचं 420. हे कलम छापून घेऊन गेलो तर समोरचा म्हणाला, "तुम्हीच चालवा मग पोलीस स्टेशन."

बँकेची आणखी तऱ्हा. पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. बरं, पिन मी टाकला, पण ज्या तीन खात्यांत पैसे गेले ती खाती उघडून देताना केवायसी कोणी बघितलं? उत्तर नाही. एका खात्यात 2,316 रुपये होल्ड झालेत असं कळलं, तेही मला मिळायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. 2,316 साठी कोर्ट! मॅनेजरच्या केबिनमध्ये माझा आवाज चढला, सिक्युरिटी गार्ड आला. आजवर कुठल्या ऑफिसात माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं.

हाँगकाँगला जाणार असाल तर ती गल्ली जरूर बघा, दुकानदारांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या बाईंना बहुतेक पत्ताही नसेल. बघा, फोटो काढा, कोरडं सामान घ्या, चिमटे, कात्र्या, थर्मामीटर. जिवंत काही घेऊ नका. गोल्डफिश चेन्नईच्या कोळत्तूरहून, कोलकात्याहून आपल्याकडे येतातच, टिश्यू कल्चरचे कपही इथे मिळतात. आणि घरी कोणी बिलाचं विचारलं तर खेकसू नका.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. परवा भाच्याच्या फोनवरून बघितलं तर त्याचा व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा चालू आहे, आणि डीपीला तीच पिशवी, तोच मासा, उजव्या डोळ्यावर ठिपका, वर 280. हा फोटो कुणाला "तुमचे मासे पॅक झाले" म्हणून आला असेल तर एक रुपया पाठवू नका, आणि पाठवले असतील तर आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, 1930 लावा. माझ्या अर्जाची कॉपी मी ठेवलीये, दोघा-तिघांचे अर्ज एकत्र गेले तर पोलिसांना हसता येणार नाही. मंगळवारी मी पुन्हा जातोय.