पावसाळा, ऊसतोड आणि उन्हाळा काढून झाल्यावर: सांगलीतल्या आमच्या मोटरहोमचा अनुभव

मोटरहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, का घेतलं, असं कुणी विचारलं की आमचे मिस्टर सह्याद्री, निसर्ग, मोकळीक वगैरे सुरू करतात. मी सरळ सांगते, संडासासाठी घेतलं. घरात सासूबाई आहेत (मी त्यांना आईच म्हणते), ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसायच्या संडासाचा प्रश्नच येत नाही. त्यामुळं प्रवास ठरला की आदल्या रात्रीपासून त्यांचं पाणी बंद. गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत घोटभरसुद्धा पाणी न पिता बसून राहायच्या आणि पोचल्यावर डोकं धरायच्या. बाकीच्या बायकाही तेच करतात, फक्त बोलत नाहीत.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या लांब चॅसीवर बांधलेली आहे. बांधून देणाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. का ते पावसाच्या भागात कळेल. चौघं झोपतात असं आम्हाला सांगितलं होतं. तीन मोठी माणसं नीट झोपतात, चौथं लहान पोर असेल तरच.

कागदांचं आधी उरकते. स्वस्तात जुनी ट्रॅव्हलर घ्यायची आणि ओळखीच्या सुताराकडून आत पलंग, ओटा करून घ्यायचा, हा सल्ला सगळ्यांना मिळतो. ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असे मूळ बदल परस्पर करता येत नाहीत, आणि अपघात झाला की विमावाले आधी तेच काढतात. आरसीवर कॅम्पर व्हॅन म्हणून नोंद असलेलीच गाडी घ्या. लायसन्सची धास्ती नको, साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. विमा करताना आतल्या सामानाची किंमत, म्हणजे बॅटरी, सोलर, फ्रीज, धरून घ्यायला सांगा. नाहीतर मोकळ्या गाडीचा विमा निघतो.

आता संडास. यात कॅसेट टॉयलेट असतं. बसायचं भांडं घरच्यासारखं कमोडच, खाली वीसेक लिटरची पेटी. ती पेटी गाडीच्या बाहेरच्या लहान दारातून ओढून काढायची आणि नेऊन रिकामी करायची. आम्हा तिघांना दोन दिवस पुरते, आई एकट्याच वापरत असल्या तर जास्त. रिकामी करताना वरचं हवेचं बटण दाबून धरायचं, मग पाणी संथ पडतं. बटण न दाबता उलटी केलीत तर गचके देत ओतते आणि चप्पल, सलवार सगळं धुवायला लागतं. पेटीत फिनेल किंवा ॲसिड टाकायचं नाही. ही घाण शेवटी कुणाच्या तरी सेप्टिक टँकमध्ये जाते आणि तिथले जिवाणू फिनेलनं मरतात. जिवाणूंची पावडर मिळते ती वापरा. रबराच्या पट्टीला अधूनमधून सिलिकॉन स्प्रे मारा, वास पुष्कळ कमी होतो.

रिकामी कुठं करायची, हा खरा प्रश्न. घरी, मुक्कामाच्या लॉजवर, भक्तनिवासात, किंवा पेट्रोल पंपाच्या संडासात विचारून. विचारलं तर फार कमी लोक नाही म्हणतात. नंतर बादलीभर पाणी ओतून जागा धुवून द्यायची एवढंच. ओढ्यात, चारीत, रस्त्याकडेला ओतणारे महाभाग आहेत. अशांमुळंच पुढच्या गाडीला पंपावर थांबू देत नाहीत. घाट चढायच्या आधी पेटी रिकामी असलेली बरी. वळणावळणावर आतलं हिंदकळतं आणि वास थेट ड्रायव्हरपर्यंत येतो.

आणि पायरी! शोरूममध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. दाराची पहिली पायरी आईंच्या गुडघ्याच्या वर येते. आम्ही लोखंडी पायरी जोडून घेतली, आतून-बाहेरून दोन्हीकडं हातात धरायला दांडे बसवले, आणि संडासात कमोडशेजारी एक दांडा. खर्च किरकोळ झाला, पण गाडी खऱ्या अर्थानं त्यानंतर वापरात आली. आईंना चालत्या गाडीत आडवं व्हायचं असतं. ते मात्र चालू देत नाही. गाडी चालू असताना सीटवर, पट्टा लावून. पाय पसरायचे तर थांबू.

पाण्याची टाकी शंभर लिटरची आहे. ऐकायला बरं वाटतं. तिघांना अंघोळ, भांडी, हातपाय धरून जेमतेम दीड दिवस. अंघोळीला अंग भिजवून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. भांड्यांना मी तोड काढली आहे ती पत्रावळीची. खिचडी नाहीतर पिठलं-भात, जेवण पत्रावळीवर, उरतो तो एक कुकर आणि चार वाट्या. पत्रावळीवर जेवायला आईंना तर देवळात बसल्यासारखं वाटतं. पिण्याचं पाणी वेगळ्या वीस लिटरच्या जारमध्ये. टाकी कुठंही भरू नका, बोअरचं जड पाणी पंपाच्या जाळीत आणि गीझरमध्ये पांढरं साचतं.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात पलंग, फ्रीज, बॅटरी, एसी, गॅस, माणसं, अंथरुणं आणि आईंचा देव्हारा. आरसीवर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, त्याच्या आत आपण आहोत का, हे कळायला आपल्याइतकी सोय दुसरीकडं कुठं नसेल. सांगलीत ऊस, हळद, बेदाणा यांच्या कृपेनं पावलोपावली वजनकाटे आहेत. आम्ही प्रवासाला निघतो तशी भरून, टाकी आणि डिझेल फुल्ल, माणसं आत बसवून गाडी काट्यावर घातली. आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी. काटेवाला म्हणाला, ‘‘मॅडम, माल काय आहे?’’ म्हटलं, ‘‘सासू.’’ तो हसला, पण पावती दिली. मागच्या चाकांवर बराच जास्त भार निघाला, कारण पाण्याची टाकी, बॅटरी आणि स्वयंपाकघर सगळं मागं. मग किराणा, डबे, अवजारं पुढं हलवली आणि घाटाच्या प्रवासाला टाकी निम्मीच भरायची असं ठरवलं. पाणी वर पोचल्यावर भरता येतं. टायरमधली हवाही या वजनाप्रमाणंच भरायची, मोकळ्या गाडीच्या हिशेबानं नाही.

टायरवरून आठवलं. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी उभीच जास्त असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२वा आठवडा. जुनी गाडी घेताना नक्षी चांगली दिसली म्हणून भुलू नका, आधी हे आकडे वाचा. स्टेपनीचेही.

घाटाचं सांगायचं तर कऱ्हाड, पाटण, कोयनानगरवरून कुंभार्लीनं चिपळूणला उतरणं आम्हाला सवयीचं झालंय. उतरताना चढाच्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनला गाडी धरू द्यायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पट्ट्यांचा करपट वास येतो, मग थांबून गार होऊ द्यावं लागतं. ब्रेकवर पाणी ओतायचं नाही. वाईवरून पाचगणीचा पसरणी घाट ठीक आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळीत मात्र आम्ही ही गाडी घालत नाही. वळणं अरुंद, समोरून एसटी आली की मागं घ्यायला जागा नाही. उंचीचंही भान हवं. एसी आणि सोलर धरून छताची खरी उंची टेपनं मोजली आणि चिठ्ठी स्टिअरिंगसमोर चिकटवली. पुलांपेक्षा गावातल्या लोंबत्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या जास्त नडतात.

रात्री चालवायचं नाही, आणि गळीत हंगामात तर नाहीच. पेठ नाक्यापासून सांगलीकडं येताना दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ऊसाचे ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, टेपची धडधड चालू. आपली गाडी जड, पटकन थांबत नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम.

वीज. यावर मिस्टर तासभर बोलतात, मी थोडक्यात सांगते. अँपिअर-बिँपिअर सोडा, घरच्या मीटरसारखा युनिटमध्ये हिशेब करा. आमची बॅटरी लिथियम, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवर. म्हणजे जवळपास अडीच युनिट. फ्रीजला दिवसाला अर्धा-पाऊण युनिट. बारा व्होल्टचा पंखा रात्रभर चालला तरी पाव युनिट. मिक्सर दोन मिनिटं फिरतो, तो धरायचाच नाही. इंडक्शनवर स्वयंपाक केला की मात्र एका वेळेलाच पाऊण-एक युनिट. आणि एसी दोन-अडीच तासांत सगळी बॅटरी खातो. त्यामुळं ‘रात्रभर एसी’ असं कुणी विकत असेल तर बॅटरी किती युनिटची, एवढंच विचारा. छतावर ४०० वॅटचं सोलर आहे, कडक उन्हात दीडेक युनिट देतं. कोयनेच्या पावसात त्याचा उपयोग शोभेपुरता. तेव्हा गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

उन्हाळ्यातला पेच असा, की सोलरला ऊन हवं आणि आपल्याला सावली. सांगलीतल्या एप्रिलमध्ये उन्हात उभी गाडी भट्टीसारखी तापते, आणि तापल्यावर सोलरही कमीच वीज देतं. आम्ही सरळ सावली निवडतो, आणि एप्रिल-मेमध्ये पाचगणीच्या खाली मुक्कामच करत नाही. ढाब्यावर लाइट घ्यायची असेल तर वायर जाड, २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. अर्थिंग आहे याची खात्री करूनच लावा. मालकाला न मागता पैसे द्या.

गॅसचा पाच किलोचा लहान सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे आणि गॅसचा अलार्म खाली बसवलेला हवा. आमच्या गाडीत तो छताजवळ लावून दिला होता! बदलून घेतला. गाडी चालू असताना सिलिंडर बंद, शेगडी पेटवली की खिडकी उघडी.

आता पाऊस. पहिल्याच मोठ्या पावसात, बामणोलीच्या रस्त्याला, पलंगावर टपटप सुरू झालं. छतावरच्या एसीच्या चौकटीतून पाणी. बांधणारा म्हणाला, ‘‘ताई, तेवढं चालतंच.’’ चालत नाही. प्लायनं पाणी पिऊन फुगवटा धरला, कपाटाचं दार लागेना. शेवटी मिरजेत एका बस बॉडीवाल्याकडून जुना सीलंट खरवडून सगळं नव्यानं करून घेतलं. गाडी ताब्यात घेताना अर्धा तास छतावर पाइपनं पाणी मारायला लावा आणि आत बसून राहा. पैसे त्यानंतर. पावसाळ्यात आणि थंडीत पहाटे आतून काचा ओघळतात, ते गळणं नव्हे, आपलाच श्वास असतो. वरचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवली की थांबतं. गाद्या उचलून खालून वाळवायच्या, नाहीतर बुरशी.

मुक्काम कुठं? एमटीडीसीच्या आवारात विचारून जागा मिळते; अशा गाड्यांसाठीचं राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ सालीच आलंय, पण गाडीला पाणी-वीज-सांडपाणी जोडायची तयार जागा अजून तुरळक दिसते. आम्हाला सर्वांत निर्धास्त वाटतात ती देवस्थानं: औदुंबर, नरसोबाची वाडी, सज्जनगडाचा पार्किंग तळ. माणसांची जाग असते, पहाटे काकड आरतीला जाग येते. कासला पठारावर मुक्काम करायचा विचारही करू नका. फुलांच्या दिवसांत गाडी लांब लावून तिथल्या बसनंच जावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

उभ्या गाडीचाही सांभाळ असतो. आमची गाडी गल्लीत मावत नाही म्हणून हरिपूर रस्त्याला ओळखीच्यांच्या शेडमध्ये असते. शेजारचा ऊस तुटला की तिथले उंदीर आसरा शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. खाली जिथं भोक असेल तिथं बारीक जाळी मारली, आणि भडंगाचा एक कणही आत ठेवत नाही. आठवड्यातून एकदा गाडी चालवून आणतो. आणि पावसाळ्यात लक्ष आयर्विन पुलावर, तिथं कृष्णेची पाणीपातळी मोजतात. इशारा पातळी ४० फूट असली तरी ३० ओलांडून पाणी चढतंय असं दिसलं की गाडी कुपवाडला. २०१९चा महापूर बघितलेल्या माणसाला कारण सांगायला नको.

खर्च विचाराल तर लिटरला नऊ-दहा किलोमीटर पडतात, लॉजचे पैसे वाचवून गाडीची किंमत काही या जन्मात निघणार नाही. फिरायला फक्त तुम्ही दोघं असाल, गुडघे शाबूत असतील, तर माझ्या मते साधी कार आणि चांगलं लॉज परवडतं. घरात आईंसारखं माणूस असेल तर मात्र विचार करा, आणि घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्यानं आणा. भाड्याच्या गाडीत त्या माणसाला स्वतः चढायला लावा, आतला संडास वापरायला लावा आणि पेटी तुम्ही स्वतः रिकामी करून बघा.