सँडल घालून फाउंड्रीत: मुलांना कामाच्या जागी नेणाऱ्या शिबिराचा आमचा अनुभव

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत स्टेशनरीचं दुकान आहे. एप्रिलमध्ये एक बाई काचेवर पोस्टर लावायला आल्या. नववी-दहावीच्या मुलांसाठी पाच दिवस, पाच कामाच्या जागा, सहा-सहा जणांचा गट, फी ३,२०० रुपये. पोस्टर लावू दिलं आणि तिथंच आमच्या पोरीचं नावही घातलं. घरात वर्षभर एकच घोष चालला होता, सायन्स घ्यायचं आणि डॉक्टर व्हायला नीटची परीक्षा द्यायची. का, असं विचारलं तर आम्हा नवरा-बायकोलाही नीट सांगता आलं नसतं.

पहिला दिवस सीएच्या ऑफिसात. मे महिना म्हणजे आर्टिकलशिपची, म्हणजे सीए व्हायच्या आधी ऑफिसात काम शिकणारी, निम्मी पोरं परीक्षेच्या रजेवर, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या. जे दोघं होते ते मात्र मोकळेपणानं बोलले. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची झालीय. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची मुदत असते तेव्हा घरी जेवायला वेळेवर पोचत नाही. पोरगी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, तिथं नुसत्या फायली न्हाईत, लोकांची भांडणंपण हायत." भागीदारांचा हिशोब चालला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी पालकांपैकी एकानं सोबत जायचं होतं, मी गेलो. करवीर तालुक्यातला सरकारी जनावरांचा दवाखाना. गटातल्या एका मुलाला व्हेटर्नरी डॉक्टर व्हायचं होतं, कारण घरी लॅब्राडोर आहे. पहिलीच केस आली ती म्हैस, गाभण आहे का बघायला. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि लॅब्राडोरवाला भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मला पहिल्यांदा चक्करच आली होती. पाणी पी आणि परत ये." तो परत आला, हे महत्त्वाचं. मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मुलांकडून वाचून घेतला आणि मोबाईलमध्ये टाकला. नीट, मग साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि नोकरी बहुतेक खेड्यात, हे त्यांनी म्हशीच्या मालकासमोरच सांगितलं. मालक म्हणाला, "खेड्यातच यायला पायजे की हो, म्हस काय शहरात हाय?"

तिसरा दिवस एका खाजगी वित्तसंस्थेत. दोन तास एसीत बसवून स्लाइड दाखवल्या आणि निघताना पालकांसाठी विम्याची पत्रकं हातात दिली. काउंटरमागं काय चालतं हे मुलांना दिसलंच नाही. फीचा पाचवा हिस्सा इथं वाया गेला, हे मी आयोजकांना तोंडावर सांगितलं.

चौथा दिवस शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणारा कारखाना. बूट घालून यायचं हे मेसेजमध्ये नव्हतंच. आमची पोरगी सँडलवर गेली, गेटवरच्या माणसानं भट्टीकडं सोडलं नाही. त्याचं बरोबरच होतं. लोखंड तिथं १,४०० अंशाच्या आसपास असतं, उडालेला थेंब सँडल बघत नाही. बाकीचे पाच जण वाळूचे साचे आणि साच्यात पोकळी ठेवणारे कोअर बघायला आत गेले आणि हिला बसवलं लॅबमध्ये.

पण लॅबमध्ये तिला जे दिसलं, ते आत गेलेल्यांना दिसलं नाही. एक माणूस भट्टीतून नमुना घेऊन यायचा, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती. लॅबमधल्या ताई ती घासून मशीनवर ठेवायच्या, ठिणगी पडायची आणि मिनिटाच्या आत स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फरचे आकडे. तोवर फोन वाजलेला असायचा, "कार्बन किती?" कमी निघाला तर भट्टीत घालायचा, परत नमुना. ताईंनी हो म्हणेपर्यंत ओतकाम नाही. पोरगी रात्री मला हेच तीन वेळा सांगत होती, "पप्पा, सगळी भट्टी तिच्यासाठी थांबत्या!" त्या ताई बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या, उचगावच्या. रसायनशास्त्र घेऊन असंही काम मिळतं, हे मी पंचेचाळीस वर्षं कोल्हापुरात राहून ऐकलं नव्हतं.

आणखी एक तक्रार. फाउंड्रीत काम चालतं त्या जागेजवळ बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. गटात तीन मुली होत्या, ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायला लागलं. आयोजकांनी जागा आधी बघायला पाहिजे होती.

पाचवा दिवस हॉस्पिटल. कॉन्फरन्स हॉल, समोसा, एक डॉक्टर दहा मिनिटं येऊन गेले. ज्या कामासाठी आम्ही वर्षभर घोष लावला, तेच सगळ्यात कमी दिसलं.

पैसे वसूल झाले का? दोन दिवस पूर्ण, एक दिवस निम्मा, दोन दिवस गेले. तरी शिबिराला पाचपैकी साडेतीन गुण देतो. त्यातला अर्धा गुण त्या जनावरांच्या डॉक्टरांचा.

पोरीनं अजून काही ठरवलेलं नाही. सायन्स घेणार म्हणते, पण परवा दहावीनंतरच्या डिप्लोमाचं विचारत होती. तीन वर्षं डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे तिनंच मला समजावलं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मेटलर्जीची, म्हणजे धातुशास्त्राची, शाखा आहे, हेही तिनंच शोधलं. तिची आई अजून नीटवरच अडून आहे.

पुढच्या बॅचला पाठवणार असाल तर पैसे भरण्याआधी पाचही जागांची यादी मागा, आणि मुलं तिथं बसणार की फिरणार हे विचारा. बूट आमच्या दुकानात मिळत नाहीत, पण समोरच्या गल्लीत मिळतात.