गुरुदत्त, कपाळासकट

गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 8 ते 10 ऑगस्ट 2025 या तीन दिवसांत त्यांचे काही चित्रपट, नव्याने दुरुस्त केलेल्या 4के प्रतींमधून, देशातल्या अनेक चित्रपटगृहांत पुन्हा लागले. त्यांपैकी दोन मी इंदूरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिले. शुक्रवारी दुपारी ‘मिस्टर अँड मिसेस 55’ आणि शनिवारी संध्याकाळी ‘प्यासा’. सत्तरेक वर्षे लोकांच्या मनात घर करून राहिलेल्या चित्रपटांवर मी आता नव्याने काय निकाल देणार? मला लिहायचे आहे ते चित्रपटगृहाने ते आम्हाला कसे दाखवले याविषयी, कारण या दिग्दर्शकाच्या बाबतीत दाखवणाऱ्याने केलेली हयगय थेट चित्रपटाच्या मुळावर येते.

शनिवारी राखीपौर्णिमा होती, त्यामुळे प्रेक्षागृह निम्मे रिकामे राहील असा माझा अंदाज होता आणि तो बराचसा खोटा ठरला. साठ-सत्तर माणसे सहज असतील, त्यांतली बरीचशी मनगटावर राखी बांधलेलीच आली होती. माझ्याबरोबर लोकमान्यनगरात राहणारे माझे काका होते. ऐंशीला टेकलेल्या या गृहस्थांनी ‘प्यासा’ कॉलेजात असताना पाहिला होता, आणि त्यानंतर साठ वर्षे तो त्यांनी केवळ ऐकला; आधी विविध भारतीवर, मग कॅसेटवर, आता नातवाने दिलेल्या फोनवर. आमच्या मागच्या रांगेत कॉलेजातली पाच-सहा मुले होती. त्यांची ओळखही गाण्यांपासूनच सुरू झालेली, फक्त ती अर्ध्या-एक मिनिटाच्या तुकड्यांची.

खेळ सुरू झाला. बागेत पहुडलेला कवी, फुलावरचा भुंगा आणि त्या भुंग्यावर पडणारा कोणाचा तरी पाय, हे सगळे येऊन गेले, पुढे प्रकाशकाच्या कचेरीतला प्रसंग आला आणि काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अरे, याचं कपाळ कुठं गेलं?” खरोखरच कपाळ नव्हते. ‘प्यासा’ची चौकट जुन्या मापाची आहे, रुंदी उंचीच्या 1.37 पट, म्हणजे आजच्या आडव्या पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काळी जागा राहणारच. आमच्यासमोर मात्र चित्र फुगवून लावलेले होते आणि त्याची वरची-खालची कड पडद्याबाहेर सांडत होती. प्रोजेक्टरवर बहुधा आधीच्या एखाद्या सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या, चित्रपटाची सेटिंग तशीच राहिली असावी. मी बाहेर जाऊन सांगितले. दारावरच्या मुलाने अतिशय नम्रपणे उत्तर दिले की जुने सिनेमे असेच असतात. मग मागच्या रांगेतली एक मुलगी बाहेर आली, तिने फोनवर याच चित्रपटाचे एक छायाचित्र काढून त्याच्यापुढे धरले आणि विचारले, “भैया, इसका सिर है ना? तो अंदर क्यों नहीं है?” त्यानंतर व्यवस्थापक आले. चित्र जागेवर यायला एकूण वीस मिनिटे गेली, आणि त्या वीस मिनिटांत ‘जाने क्या तूने कही’ येऊन गेले.

हा तोटा किती मोठा आहे, हे गाणे माहीत असणाऱ्याला सांगायला नको. रद्दीत गेलेल्या आपल्याच कवितेच्या ओळी गुलाबो या अनोळखी स्त्रीच्या तोंडून ऐकून विजय, म्हणजे गुरुदत्तांनीच साकारलेला तो कवी, तिच्यामागून चालू लागतो, आणि गिऱ्हाईक मिळाले या समजुतीने ती वळून वळून त्याच्याकडे पाहत राहते. सगळा प्रसंग या दोन गैरसमजांवर आणि वहीदा रेहमान यांच्या नजरेवर तोललेला आहे. व्ही. के. मूर्ती यांचा कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की भुवईची हालचाल हीच तिथली घटना ठरते. भुवईच्या वरचे चित्र कापले म्हणजे घटनेचाच अर्धा भाग कापला. घरी फोनवर पाहताना चौकट पूर्ण असते हे मान्य, पण तिथे काळोख नसतो, आणि मूर्तींच्या प्रकाशाला काळोख लागतो. चित्र ताळ्यावर आल्यावर ते लगेच जाणवले. घोषबाबूंच्या घरच्या मेजवानीत ‘जाने वो कैसे लोग थे’ सुरू होते, पुस्तकांच्या कपाटाला टेकलेला विजय, ऐकणारी त्याची जुनी प्रेयसी मीना आणि त्या दोघांना न्याहाळणारा तिचा नवरा, म्हणजेच घोषबाबू. या तीन चेहऱ्यांवरचा उजेड प्रत्येकी वेगळा आहे, हे मी आजवर चार वेळा हा चित्रपट टीव्हीवर पाहूनही मला ठाऊक नव्हते. दुरुस्त केलेल्या प्रतीचे श्रेय इथे मोकळ्या मनाने द्यायला हवे. ओरखडे गेले आहेत, तरी चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेले नाहीत. फिल्मचा रवाळपणा राखला आहे.

गुरुदत्त यांच्या गाण्यांविषयी एक गोष्ट प्रेक्षागृहातच कळते. त्यांची बरीच गाणी वाद्यमेळाच्या लांबलचक प्रस्तावनेविना, चाललेल्या बोलण्यातूनच उगवतात, आणि रेडिओवर ती सुटी ऐकणाऱ्याला ती कशातून उगवली हे कळायला वाव नसतो. काकांना ‘ये दुनिया अगर मिल भी जाए तो क्या है’ शब्दन् शब्द पाठ आहे. पण स्वतःच्याच स्मृतिसभेत दाराशी हात पसरून उभा राहिलेला तो कवी, पाठीमागून येणारा उजेड आणि चेहऱ्यावर दाटलेली सावली पडद्यावर आली, तेव्हा इतका वेळ प्रत्येक गाण्याबरोबर हळूच गुणगुणणारे काका गप्प झाले. मागची मुलेही गप्प होती. गीतकार साहिरांच्या वेश्यावस्तीवरच्या मूळ नज्मेतली जड उर्दू ओळ बदलून चित्रपटासाठी ‘जिन्हें नाज़ है हिंद पर’ अशी सोपी केलेली आहे. त्या सोपेपणाची किंमत मला त्या मुलांकडे पाहून कळली, कारण त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

शुक्रवारचा ‘मिस्टर अँड मिसेस 55’ हा निराळा मामला. प्रेक्षक कमी, पण हसण्याचा आवाज मोठा. कम्युनिस्ट आणि कार्टूनिस्ट या शब्दांवरचा विनोद लोकांनी पडद्याच्या आधीच म्हणून टाकला. चित्रपटातल्या व्यंगचित्रकाराची चित्रे आर. के. लक्ष्मण यांनी काढलेली आहेत, आणि मोठ्या पडद्यावर त्या रेषेचा वेग पाहण्याचे सुख स्वतंत्र आहे. ललिता पवार यांची सीतादेवी मात्र आज पाहताना मन थोडे अडखळते. 1955 हे हिंदू विवाह कायद्याचे वर्ष. घटस्फोटाचा हक्क मागणारी स्त्री हास्यास्पद ठरवून चित्रपट जो शेवट करतो, त्याला माझ्या शेजारच्या दोन बायका हसल्या नाहीत, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. चाहता म्हणून सगळेच गोड मानून घ्यावे, हे मला जमत नाही.

जॉनी वॉकर पडद्यावर आले तेव्हा मात्र शिट्ट्या वाजल्या, आणि त्या इंदुरी होत्या. बद्रुद्दीन काझी हा मुलगा याच शहरातला. पुढे कुटुंब मुंबईला गेले, तो बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला, बलराज साहनींनी त्याला हेरून गुरुदत्तांकडे पाठवले आणि गुरुदत्तांनी त्याला व्हिस्कीचे नाव दिले. ‘प्यासा’तला त्यांचा तेलमालीशवाला येताच आमच्या रांगेतले एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आपल्या गावचा!” एरवी प्रेक्षागृहातल्या बोलण्याचा मला राग येतो. या वेळी आला नाही.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक धागा जवळचा वाटावा. पदुकोण घराण्यातला हा बंगळुरूचा मुलगा, बालपण कोलकात्यात आणि नृत्याचे शिक्षण अल्मोड्यात उदय शंकर यांच्याकडे घेऊन, चित्रपटाचे काम शिकला ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीमध्ये. विश्राम बेडेकर यांच्या ‘लाखारानी’साठी त्याने साहाय्यक म्हणून काम केले आणि देव आनंदशी मैत्रीही तिथेच जुळली. काकांना हे सारे ठाऊक होते. मध्यंतरात ते मागच्या मुलांना सांगत बसले आणि कॉफी गार झाली.

मध्यंतराविषयीही लिहायलाच हवे. दोन्ही दिवशी ते संवादाच्या मध्यावर टाकले होते, म्हणजे एखाद्याचे बोलणे अर्धवट तोडून दिवे लागले आणि शीतपेयाची जाहिरात सुरू झाली. पायऱ्यांवरचे दिवे इतके प्रखर होते की पडद्याच्या खालच्या भागातला काळा रंग राखाडी दिसत होता. आवाज सुरुवातीला कमी आणि गाण्यांना एकदम चढा. मूळ ध्वनिपट एकमार्गी आहे हे लक्षात घेऊन तो आधी ऐकून लावला असता तर रफींचा वरचा सूर इतका टोचला नसता. आणि सर्वांत वाईट म्हणजे, विजय गुलाबोच्या दाराशी येऊन तिला दूर कुठेतरी चलण्याविषयी बोलत असतानाच सफाईवाल्यांनी बाजूचे दार उघडले. झाडू-बादलीच्या उजेडात आम्ही ‘प्यासा’चा शेवट पाहिला. तिकीट स्वस्त होते, खुर्च्या चांगल्या होत्या, पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग होते. या तीन गोष्टींवर यापेक्षा अधिक शब्द खर्चण्यात अर्थ नाही.

तरीही पुन्हा असे खेळ लागले तर जावे असेच मी सांगेन, फक्त पहिल्या दोन मिनिटांत चौकट तपासावी आणि चुकली असेल तर लाजू नये. मनाला लागून राहिले ते एवढेच की ‘प्यासा’ला चुकून लावलेली सिनेमास्कोपची ती सेटिंग ज्याला शोभली असती, तो ‘कागज के फूल’ आमच्या मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकात नव्हता. 1959 चा तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो कोसळल्यावर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपले नाव लावले नाही, आणि 1964 च्या ऑक्टोबरात, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. स्टुडिओबाहेरचे ऊन आरशांनी आत वळवून मूर्तींनी ‘वक़्त ने किया’साठी उभा केलेला तो प्रकाशाचा झोत पूर्ण रुंदीत पाहण्यासाठी मी पावसातून कितीही लांब गेलो असतो.

खेळ सुटल्यावर भुरभुर पावसात आम्ही सराफ्यात गेलो. सोन्याची दुकाने बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. भुट्ट्याचा कीस खाताना काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटे पुसून त्यांनी मला रविवारच्या खेळाची दोन तिकिटे काढायला सांगितले. चित्रपट तर आपण आत्ताच पाहिला, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, “पहिली वीस मिनिटं कुठं पाहिली? वहीदाचं कपाळ राहिलंय.”