अ‍ॅक्सेसपोर्ट की ईक्यूटेक? आधी लॉग वाचणारा शोधा

गेल्या महिन्यात डॅलसहून भाच्याचा फोन आला. २०१८ची सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली होती, सहा गिअरची, मॅन्युअल. पुढचं वाक्य अपेक्षेप्रमाणे: "मामा, अ‍ॅक्सेसपोर्ट घेऊ की ईक्यूटेक?" दोन्ही म्हणजे ईसीयूतला, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, प्रोग्रॅम (मॅप) बदलायचे मार्ग: एक हातातला डबा, दुसरं मॅप बनवणाऱ्या ट्यूनरकडचं सॉफ्टवेअर. मी विचारलं, "तुझे लॉग कोण वाचणार?" लॉग म्हणजे गाडी चालवताना नोंदवलेले इंजिनाचे आकडे. तो गप्प झाला. मीही सहा वर्षांपूर्वी असाच डबा आधी घेतला आणि माणूस नंतर शोधला, म्हणून हे लिहितोय.

अ‍ॅक्सेसपोर्ट ही ऑस्टिनच्या कॉब कंपनीची, तळहातात मावणारी चीज. ओबीडी पोर्टला, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायची, गाडी सुरू न करता चावी ऑन ठेवायची आणि मॅप निवडायचा. फ्लॅश होताना, म्हणजे मॅप ईसीयूत भरला जाताना, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे दिवाळीसारखे पेटतात, पहिल्यांदा पाहताना पोटात गोळा येतो. बॅटरी कमजोर असेल तर आधी चार्जर लावा, तिथे चालढकल नको. डब्याबरोबर तयार मॅप फुकट येतात: स्टेज १ म्हणजे गाडी जशी कारखान्यातून आली तशीच असेल तेव्हाचा, पुढचे स्टेज कॉबने सांगितलेले पार्ट बसवल्यावर. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल आणि ९३चं, दोन्हींचे मॅप वेगळे. (पुण्याच्या पंपावरचं ९५ आठवून इथल्या ९३ला नाक मुरडू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे. इथलं ९३ म्हणजे तिकडच्या हिशोबाने साधारण ९८.)

ईक्यूटेक मूळची इंग्लंडची. तिथे दुकानातून डबा आणून स्वतःच मॅप टाकायचा असा मामला नाही. तुम्ही ट्यूनरकडे जाता, तो लायसन्स लावतो, मॅप बनवतो. तुम्ही ब्लूटूथने फोनवर आकडे बघता. रेसरॉम नावाची सोय घेतली तर ईसीयूत चार मॅप एकदम राहतात आणि पुन्हा फ्लॅश न करता बदलता येतात. रोज ऑफिसला नेणारा आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणारा असाल तर ही चैन खरोखर कामाची आहे. पण लायसन्स त्या ईसीयूला चिकटतं. गाडी विकली की तेही गेलं. अ‍ॅक्सेसपोर्ट मात्र अनइन्स्टॉल करून विकता येतो, आणि भाव चांगला मिळतो.

आता खरी गोष्ट. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने बाहेरचा इंटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, बसवला होता. मी वर तयार स्टेज १ मॅप टाकून खुशीत फिरत होतो. अशा इंटेकमध्ये हवा मोजणाऱ्या सेन्सरभोवतीच्या नळीचा व्यास बदलतो. सेन्सर तोच, आकडाही तोच दाखवतो, पण मोठ्या नळीतून आत जाणारी हवा जास्त असते. ईसीयू जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, ते कमी पडतं, मिश्रण लीन होतं. लॉग काढला: तिसरा गिअर, २,५००पासून पूर्ण पाय. ४,२०० आरपीएमला नॉक करेक्शन उणे २.८ अंश, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट (नॉक) जाणवून ईसीयूने ठिणगी तेवढी मागे घेतली. पुढच्या आठवड्यात डॅम, म्हणजे इंजिनाचा पेट्रोलवरचा विश्वास मोजणारा आकडा, १वरून खाली उतरला. म्हणजे इंजिन धोक्यात. सुबारूवाल्यांना यापुढे सांगायला नको.

मग ई-ट्यून घेतलं, म्हणजे लॉग मेलने पाठवून लांबच्या ट्यूनरकडून मॅप सुधारून घेणं. पहिला ट्यूनर, नाव घेत नाही, ३०० डॉलर घेऊन लॉग मागायचा आणि दहा-अकरा मिनिटांत उत्तर द्यायचा: सगळं छान आहे. एकदा मी घाईत पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा लॉग पाठवला. त्यावरही आलं, सगळं छान आहे. दुसऱ्याने पहिल्याच मेलमध्ये सात प्रश्न विचारले: इंटेक कुठला, पंप कुठला, ऑइल कधी बदललं, लॉग घेताना बाहेर तापमान किती. तीन आठवडे, सात सुधारणा, आणि नॉक शून्याच्या आसपास स्थिरावला. डबा तोच होता.

ई-ट्यूनची अडचण अशी की लॉग रस्त्यावर काढावा लागतो, आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनजवळ गाडी सत्तर मैलांच्या वर असते. मी रविवारी पहाटे हायवेच्या रॅम्पवर काढायचो. हे नको असेल तर पैसे जास्त मोजा, डायनोवाल्याकडे जा (डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र). तो एका दिवसात, समोर उभा राहून काम संपवतो. तासाभराच्या अंतरावर असा भरवशाचा माणूस असेल, तर तो जे वापरतो तेच घ्या. ईक्यूटेक म्हणाला, ईक्यूटेक. मॅपची फाईल बहुतेक ट्यूनर कुलपातच देतात, त्यामुळे उद्या माणूस बदलला तर काम पहिल्यापासून, हे धरून चला.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात २०२१च्या जुलैपासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या तपासणीत, ईसीयूचा प्रोग्रॅमही तपासतात. तिथे कार्बची (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाची) मंजुरी नसलेला मॅप घालून गेलात तर नापास. कॉबला २०२४मध्ये प्रदूषण कायद्याच्या खटल्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारशी तडजोडीत सुमारे २९ लाख डॉलर दंड भरावा लागला, त्यामुळे धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून मॅप देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. ऑस्टिन-डॅलसकडे उत्सर्जन तपासणी असते. फ्लॅशनंतर लगेच जाऊ नका, मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या धूर-चाचण्या, तयार व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. ट्यून केलं म्हणून ती आपोआप रद्द होत नाही, बिघाड ट्यूनमुळेच झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. पण वाद घालायची वेळ तुमच्यावर येते.

भाच्याची गाडी पूर्ण मूळ स्थितीत, वॉरंटी संपलेली, पंपावर ९३ मिळतं, ओळखीचा डायनोवाला नाही. त्याला म्हटलं, अ‍ॅक्सेसपोर्ट घे, स्टेज १ टाक, इंटेकला हात लावू नकोस, आठवडाभर लॉग काढून मला पाठव. पार्ट बदलायची खाज सुटली की त्या सात प्रश्नवाल्याचा पत्ता देतो.

त्याला जुना डबा चारशे डॉलरला सापडलाय. सुबारूचा आहे, मॉडेलही बरोबर. पण अ‍ॅक्सेसपोर्ट एका वेळी एकाच गाडीशी बांधलेला असतो. आधीच्या गाडीवरून काढला नसेल तर नुसतं खेळणं. विकणाऱ्याकडे स्क्रीनचा फोटो मागितलाय. चार दिवस झाले, फोटो अजून आलेला नाही.